मे महिन्यात गारेगार करणारा कूलर जूनमध्ये चिपचिप का करतो?

दरवर्षी मृग लागला, दोन-चार सरी पडल्या, की आमच्या नातेवाइकांत फोन सुरू होतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ज्यांच्याकडे कूलरसमोर बसून आंब्याचा रस-पुरणपोळी हाणली, तीच मंडळी पंधरा जूनला विचारतात, "कूलर तोच, पाणी तेच, मोटर चालू आहे, मग अंग का चिकट होतंय?" कोणी पॅड बदलतं, कोणी पंप बदलतं, कोणी टाकीत बर्फ टाकतं. जळगावात तीस वर्षं काढली, त्यातली पहिली दहा मीही बर्फच टाकत होतो.

यंदाचा पहिला फोन भुसावळच्या आतेबहिणीचा.

"दादा, नवीन पॅड टाकले तरी उलट जास्तच उकडतंय."

"समोरची खिडकी उघडी आहे का?"

"खिडकी उघडली तर गार हवा बाहेर जाईल ना!"

"आणि दार?"

"तेही लावलंय. फटीला टॉवेल लावलाय."

तिचे आबा मागून ओरडले, "कूलर बंद करी दे, मंग सांग!" आबांचं निदान बरोबर होतं, पण का बरोबर होतं ते कळलं तर पुढचे चार महिने सोपे जातात. म्हणून हे सगळं एकदाच लिहून ठेवतोय.

आधी पाणी किती, ते बघा

दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात साधारण ३४ घनमीटर हवा मावते. हवा ३० अंशांवर असेल तर एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास वाफ राहते. म्हणजे सबंध खोलीतली हवा काठोकाठ ओली झाली, तरी तिच्यात सगळं मिळून जेमतेम एक लिटर पाणी. एक तांब्या!

मोठा कूलर मे महिन्याच्या दुपारी पूर्ण वेगात तासाला दहा-पंधरा लिटर पाणी उडवतो. म्हणून तर टाकी सारखी भरावी लागते. ते पाणी जातं कुठे? खिडकी उघडी असेल तर बाहेर. दार-खिडकी लावून फटीला टॉवेल लावला असेल तर तुमच्या अंगावर, उशीवर, पापडाच्या डब्यावर. काही मिनिटांत खोली ओली होते. त्यानंतर कूलर तीच ओली हवा पुन्हा ओढतो, पॅडवरचं पाणी सुकत नाही आणि सुकत नाही म्हणून गारही होत नाही. पाणी सुकताना उष्णता खेचतं. कूलरकडे दुसरी जादू नाही, बर्फ घाला नाहीतर गंगाजल.

त्यामुळे पहिली दुरुस्ती बिनपैशाची. कूलर खिडकीबाहेर, तोंड आत, आणि समोरच्या बाजूला निदान कूलरच्या तोंडाएवढी मोकळी जागा. मेमध्ये कूलर खोलीच्या आत ठेवून दार लावणाऱ्यांनाही हीच तक्रार असते; फक्त तेव्हा बाहेर इतकं कोरडं असतं की फटींतून येणारी हवा निभावून नेते.

बहिणीनं समोरची खिडकी उघडली. फरक पडला, पण थोडाच, कारण तोपर्यंत भुसावळात पाऊस झाला होता. इथून पुढे खिडकीनं भागत नाही.

कूलर कधी हरतो

मेमधली दुपार घ्या: बाहेर ४२ अंश, आर्द्रता १५ टक्के. या हवेत ओला फडका गुंडाळलेला थर्मामीटर धरला तर तो २२ अंशांच्या आसपास येऊन थांबतो. कूलरला फार तर तिथपर्यंतच जाता येतं. चांगले पॅड असतील तर मधलं पाऊण अंतर तो कापतो, म्हणजे बेचाळीसची हवा सत्तावीसवर. बाहेर पडताना तिची आर्द्रता ६५ टक्के झालेली असते. पण ती खोलीत येऊन थोडी तापते, आरपार निघून जाते आणि आपल्याला बरं वाटतं.

आता जुलै. बाहेर ३२ अंश, आर्द्रता ७५. ओल्या फडक्याचा थर्मामीटर २८ वर अडतो. कूलर पाऊण अंतर कापणार, म्हणजे जेमतेम तीन अंश. एकोणतीसची हवा मिळते, पण ती नव्वद टक्क्यांच्या वर ओली. तीन अंशांसाठी घर धोबीघाट करायचं. पंप बंद करून नुसता पंखा फिरवला तर त्यापेक्षा बरं वाटतं, कारण अंगावरचा घाम सुकायला वाव राहतो.

माझा ठोकताळा असा: दुपारी बाहेरची आर्द्रता ५० च्या खाली असेल तर पाणी बिनधास्त चालू. ६० च्या वर गेली की पंप बंद, कूलरचा फक्त पंखा. मधल्या पट्ट्यात पंप अर्धा तास चालू, अर्धा तास बंद करून बघा. अंग काय ते सांगतं.

आकडा बघायला काही नसेल तर घरातला माठ बघा. माठ आणि कूलर एकाच नियमावर चालतात. बाहेरून पाणी झिरपतं, सुकतं, आतलं पाणी गार होतं. ज्या दिवशी माठाचं पाणी "आज गार लागत नाही" असं घरातलं कोणी म्हणेल, त्या दिवशी कूलरचा पंप बंद करा. आमच्या आईनं हे हायग्रोमीटरशिवाय, म्हणजे आर्द्रता मोजायच्या यंत्राशिवाय, ओळखलं होतं. ती मृगानंतर वाळूतला माठ उचलून ठेवायची. मी ते जुन्या माणसांचं काहीतरी म्हणून सोडून दिलं होतं.

टक्क्यांनी फसू नका

छोटा डिजिटल हायग्रोमीटर चारशे-पाचशे रुपयांत मिळतो. घ्यावा. पण घेतल्यावर पहिल्या आठवड्यात बहुतेक जण घाबरतात: "सकाळी सहाला ९० दाखवतो, दुपारी तीनला ६५. एका दिवसात एवढं पाणी कुठे गेलं?"

कुठेही गेलं नाही. सकाळी २५ अंशांवर ९० टक्के म्हणजे घनमीटरला सुमारे २१ ग्रॅम पाणी. दुपारी हवा ३१ अंशांवर गेली, तिची पाणी धरायची ताकद वाढली; तेच २१ ग्रॅम आता ६५ टक्के दिसतात. टक्केवारी म्हणजे भांडं किती भरलंय ते. आणि तापमानाबरोबर भांड्याचाच आकार बदलतो. म्हणून नुसती आर्द्रता लिहू नका, शेजारी तापमान लिहा. दिवसातून तीनदा, आठवडाभर, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलं तरी चालेल.

मोबाइलच्या हवामानात 'दवबिंदू' किंवा 'ड्यू पॉइंट' नावाचा एक आकडा असतो, त्याकडे कोणी बघत नाही. हवा कितपत थंड केली तर तिच्यातलं पाणी थेंब होऊन बसेल, ते तापमान. हा आकडा पाण्याच्या खऱ्या प्रमाणावर चालतो, सकाळ-दुपारनं फारसा हलत नाही. आपल्याकडे मेच्या कोरड्या दुपारी तो दहाच्या आसपास असू शकतो, भर पावसाळ्यात तेवीस-चोवीस. मला विचाराल तर खानदेशात घराचं निदान करायला टक्क्यांपेक्षा हाच आकडा कामाचा. दवबिंदू १६-१७ पर्यंत असेल तर उकाडा असला तरी चिपचिप नाही. २२ च्या वर गेला की पंख्याखालीही शर्ट पाठीला चिकटतो.

मीटर खरा आहे का, हे तपासायचं असेल तर स्वयंपाकघरातच सोय आहे. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, चार-सहा थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करा, पाणी तरंगायला नको. ते झाकण आणि मीटर घट्ट बसणाऱ्या डब्यात किंवा झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. आत हवा बरोबर ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. मिठाचा तो गुणच आहे. मीटर ७१ दाखवत असेल तर चार मिळवा, ८० दाखवत असेल तर पाच वजा करा. माझा सहा जास्त दाखवत होता आणि त्या सहा टक्क्यांच्या काळजीत मी एक पावसाळा काढला होता.

याच कारणानं मीठदाणीही मीटर आहे. बारीक मिठाला पाणी सुटायला लागलं म्हणजे स्वयंपाकघर पंचाहत्तरच्या पुढे गेलं. खडे मीठ त्याच्या आधीच ओलं होतं, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. त्याच्यावरून निष्कर्ष काढू नका.

किती असावी मग?

पुस्तकी उत्तर ४० ते ६० टक्के. अमेरिकेची पर्यावरण संस्था घरातली आर्द्रता ६० च्या खाली, जमलं तर ३० ते ५० ठेवायला सांगते. त्यामागची कारणं इथेही लागू पडतात: पन्नासच्या वर धुळीतले सूक्ष्म किडे पोसतात, ज्यांच्यामुळे दमेकऱ्यांना त्रास होतो; पृष्ठभागाजवळची हवा दिवसेंदिवस ऐंशीच्या घरात राहिली की बुरशी धरते. तिसाच्या खाली नाक, ओठ, डोळे कोरडे पडतात.

पण जुलैत जळगावच्या साध्या घरात, एसीशिवाय, पन्नास टक्के आणायला निघालात तर हाती काही लागणार नाही. बाहेरच पंचाहत्तर असताना खिडक्या उघड्या ठेवून घर बाहेरच्यापेक्षा कोरडं होत नसतं. पावसाळ्यात माझं ध्येय साधं आहे: घरातला दवबिंदू बाहेरच्यापेक्षा वर जाऊ द्यायचा नाही. म्हणजे घरानं स्वतःच्या कर्मानं ओलावा वाढवायचा नाही.

आकड्याचा अंगावर परिणाम काय, तर ३२ अंशांवर आर्द्रता ४० असेल तर अमेरिकी हवामान खात्याच्या तक्त्याप्रमाणे ते अंगाला साधारण ३३ सारखं लागतं. तेच ३२ अंश, आर्द्रता ७५ असेल तर ४२ सारखं. म्हणूनच "मेमध्ये ४४ ला चाललं, आता ३२ ला जीव जातोय" असं लोक म्हणतात तेव्हा ते नाटक करत नसतात.

आणि सुखकर हे माणसासाठी. रावेर-यावलच्या केळीला पिकवणीच्या खोलीत ९० टक्क्यांच्या आसपास हवा लागते, नाहीतर साल सुकते. कापडगिरणीत कोरड्या हवेत सूत तुटतं म्हणून मागखात्यात मुद्दाम ओलावा ठेवतात. जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल चालायची त्या काळातल्या कामगारांच्या घरी विचारा, पाळी संपवून आलेल्या माणसाचा सदरा कसा असायचा.

ओलावा येतोय कुठून

बाहेरून येतो तो येतोच. घरात आपण किती घालतो ते बघितलं तर डोळे उघडतात.

गॅस. एलपीजी जळताना नुसती उष्णता होत नाही, पाणीही तयार होतं. एक किलो गॅसमागे दीड किलोहून थोडं जास्त. १४.२ किलोची टाकी संपेपर्यंत त्यातून बावीसेक लिटर पाणी वाफ होऊन तुमच्या स्वयंपाकघरात सोडलेलं असतं. डाळ शिजतानाची, भाताची, कुकरच्या शिट्टीची वाफ त्यात धरलेली नाही. बायको खिडकी लावून पोळ्या करायची, कारण वाऱ्यानं गॅसची ज्योत हलते. आता ओट्यावरचा पंखा आधी लावायचा, गॅस नंतर पेटवायचा आणि गॅस बंद केल्यावर पंखा दहा मिनिटं चालू ठेवायचा, असं ठरलं आहे. पण पंखा हवा बाहेर फेकतो तेव्हा तेवढी आत यायला वाट लागते. दार-खिडकी गच्च बंद असेल तर तो नुसता आवाज करतो.

कपडे. पाऊस लागला की दोरी घरात बांधली जाते. मशीनमधून काढलेल्या एका खेपेत दोन-एक लिटर पाणी सहज असतं, आणि सगळ्या खोलीची हवा मिळून एक लिटर धरते, हे वर आलंच आहे. दोरी बांधायचीच तर एकाच खोलीत बांधा, तिचं आतलं दार लावा, बाहेरची खिडकी उघडी ठेवा, पंखा लावा. घरभर खुर्च्यांवर टॉवेल टाकू नका. आमच्याकडे जिन्याखालची जागा आहे, तिथे जाळीचा झरोका आहे. कपड्यांना ती जागा दिली.

माणसं. झोपलेला माणूस श्वासातून आणि अंगावाटे तासाला चाळीसेक ग्रॅम पाणी सोडतो. चार माणसं, बंद खोली, आठ तास: सव्वा लिटर. सकाळी कोंदट वास येतो तो याचा. खिडकीला डासाची जाळी लावा, खिडकी उघडी ठेवा.

आंघोळ, फरशी पुसणं, कुंड्या हे त्यामानानं किरकोळ. मोरीचा पंखा आंघोळीनंतर पंधरा मिनिटं चालला की झालं. पावसात फरशी दोनदा पुसू नका, एवढंच.

भिंतीवर डाग असेल तर

इथे लोक सगळ्यात जास्त पैसे वाया घालवतात, मीही घालवले. श्रावणातल्या कानबाईच्या सणाआधी घर रंगवायची आमच्याकडे रीत. एका वर्षी मधल्या खोलीच्या भिंतीवर खालून दीड फूट ओल आणि पोपडे दिसले. रंगारी म्हणाला, 'डॅम्पप्रूफ' मारतो, दहा वर्षं बघायला नको. मारला. पुढच्या आषाढात तोच रंग फुगून पापडासारखा सुटला, वर लोणा पांढरा फुललेला. ओल खालून, जमिनीतून चढत होती. वरून झाकण लावल्यावर तिनं झाकण उडवलं.

आता रंगाआधी फॉइलची चाचणी करतो. पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियम फॉइल, हातभर तुकडा, चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला घट्ट. दोन दिवसांनी बघायचं. फॉइलच्या बाहेरच्या बाजूला ओल असेल तर पाणी खोलीच्या हवेतलं, भिंतीचा दोष नाही. आतल्या बाजूला, भिंतीकडून ओल असेल तर पाणी भिंतीतून येतंय: गळका पाइप, स्लॅबची भेग, किंवा जोत्याला लागून साचणारं पाणी. आमच्याकडे काळी माती. ती पाणी धरून ठेवते, भिंतीच्या पायाला ओली पट्टी ठेवल्यासारखं महिनोन्महिने देत राहते. मी भिंतीलगत दोन फूट मुरूम टाकून बाहेरच्या बाजूला उतार दिला आणि गच्चीचा पाइप लांब नेला. दोन वर्षांत ओल दीड फुटावरून चार बोटांवर आली. ती चार बोटं अजून आहेत.

दुसरा डाग मात्र मला तीन पावसाळे समजला नव्हता. मधल्या खोलीत लोखंडी कपाट, भिंतीला टेकवून. दर श्रावणात कपाटाच्या मागे काळी बुरशी, आतल्या साड्यांना कुबट वास. पाइप नाही, बाहेरची भिंत नाही, आतलीच साडेचार इंची. फॉइल लावली, ओल बाहेरच्या बाजूला. म्हणजे हवेतली. पण ओल त्याच भिंतीला का?

कारण पलीकडे मुलाची खोली, आणि त्याचा एसी वीस अंशांवर. बारावीचं वर्ष, कोण बोलणार! पातळ भिंत पलीकडून गार होत होती आणि अलीकडे, स्वयंपाकघराच्या तोंडाशी, दमट हवा. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसा भिंतीला येत होता, आणि कपाट लागून असल्यानं तिथे वाराही नाही. मीटर कपाटाच्या मागे सरकवला. खोलीत ३० अंश आणि ७४ टक्के असताना मागे साडेपंचवीस अंश आणि ९५ च्या आसपास. एसी २६ वर आणला, कपाट वीतभर पुढे ओढलं. आठवड्यानं तिथे ७८-७९ झाले. बुरशी परत आली नाही; मुलगा चार दिवस बोलला नाही.

बुरशी काढताना कोरड्या फडक्यानं झटकू नका, ती घरभर उडते. साबणाच्या पाण्यानं ओलं करून पुसा, मग पंख्यानं पूर्ण वाळवा. नाकाला फडकं बांधा.

एसी आहे, तरी चिकट?

एसी हवा गार करतो तशीच कोरडीही करतो. बाहेर नळीतून टपकतं ते खोलीतलं पाणी. खरं तर यंत्राचा जन्मच त्यासाठी झाला: १९०२ मध्ये विलिस कॅरियरनं ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी पहिली योजना केली, ती कागद दमटपणानं ताणू-आखडू नये म्हणून.

तरी खोली चिकट वाटत असेल तर तीन गोष्टी बघा. नळीतून पाणी पडतंय का. नसेल तर जाळी आणि कॉइल धुवा, गॅस तपासून घ्या. दुसरं, खोलीच्या मानानं एसी फार मोठा आहे का. छोट्या खोलीत दोन टनाचा एसी पाच मिनिटांत तापमान गाठतो, कॉम्प्रेसर बंद होतो, पण आतला पंखा फिरत राहतो आणि कॉइलवरचं पाणी परत खोलीत सोडतो. खोली गार आणि ओली, तळघरासारखी. पंख्याचा वेग कमी ठेवा किंवा रिमोटवरचा थेंबाच्या चित्राचा 'ड्राय' मोड लावा. तिसरं, एसी चालू असताना कूलरही? हसू नका, हे मी दोन घरांत बघितलं आहे. एक यंत्र पाणी काढतंय, दुसरं ओततंय, आणि बिल दोन्हींचं.

फक्त हवा कोरडी करणारं डीह्युमिडिफायर नावाचं यंत्रही मिळतं. एसी असेल तर लागत नाही. नसेल तर ते खोली थोडी तापवतं, हे लक्षात ठेवून घ्या. कपाटात टांगायच्या पिशव्या कपाटापुरत्या ठीक, खोलीला काही उपयोग नाही. डांबराच्या गोळ्या ओल शोषत नाहीत, नुसता वास मारतात.

उलटा त्रास

पावसाळ्यात ओल काढायची सवय लागते आणि मेमध्ये नेमकं उलट होतं. बाहेर ४४, घर बंद, एसी दिवसभर; मीटर पंचवीसवर. मुलांचा घोळणा फुटतो, घसा खरखरतो, खोकला उठतो. डॉक्टरकडे जायचं ते जाच, पण खोलीत एक ओला टॉवेल खुंटीला टांगा. तेवढ्या खोलीला २५ वरून ४० वर यायला सव्वाशे-दीडशे ग्रॅम पाणी पुरतं, आणि पिळलेल्या टॉवेलात त्याहून जास्त असतं. फटींतून हवा बदलत राहते म्हणून तो मधून मधून पुन्हा ओला करावा लागतो. पाण्याची परात ठेवतात, तिचा फारसा उपयोग नाही. पाणी सुकायला पसरट ओलं कापड हवं.

डिसेंबरच्या थंडीतही तेच. पहाटे बाहेर १० अंश आणि ८० टक्के वाचून दमट वाटतं, पण तीच हवा घरात २५ अंशांना तापली की ३१ टक्के उरते. ओठ फुटतात ते त्यामुळे.

जुन्या धाब्याच्या घराचं कौतुक मी एरवी करत नाही, दर पावसाळ्यात वर चढून माती टाकायची ती कटकट मला आठवते. पण एक खरं: पांढऱ्या मातीच्या जाड भिंती ओलावा पितात आणि कोरड्या दिवसांत सोडतात. सिमेंट, टाइल्स आणि ऑइलपेंटच्या घरात हवेतलं पाणी मुरायला जागाच नसते, म्हणून तेवढ्याच वाफेनं आकडा झपकन वर जातो. आमच्या गावच्या घरी बिबड्या-कुरडयांचे डबे भाद्रपदापर्यंत टिकायचे. जळगावला तेच डबे नागपंचमीला मऊ. आई आता उघडीप मिळाली की त्यांना दुपारचं ऊन दाखवते आणि कोमट असतानाच डब्यात भरून झाकण लावते, गार होईपर्यंत परातीत ठेवत नाही, नाहीतर जेवढं वाळलं तेवढं परत पितात.

परत कूलर कधी

पोळा झाला, गणपती गेले, पाऊस ओसरला की मीटर खाली यायला लागतो. ऑक्टोबरात पुन्हा पस्तीस-छत्तीसचं ऊन पडतं आणि दुपारची आर्द्रता पन्नासच्या खाली जाते, तेव्हा दोन-तीन आठवडे कूलर पुन्हा पाण्यावर चालतो. पंप चालू करण्याआधी टाकी घासा, आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून वाळवा, डेंग्यूचा डास तिथेच वाढतो. बोअरच्या पाण्यानं पॅडवर पांढरा थर बसला असेल तर हवा जात नाही. तो निघत नसेल तर पॅड बदला.

आतेबहिणीचा परवा पुन्हा फोन आला. पंप बंद आहे, खिडकी उघडी आहे, रात्री बरं वाटतं. आता तिची तक्रार वेगळी: खिडकीतून मांजर येतं आणि दुधाचं पातेलं पाडतं. त्यावर आबांनी काय सांगितलं ते तिनं मला सांगितलं नाही.